पक्षी पाहता पाहता शिकलेला धीर



आधीच सांगून टाकते, मी पक्षीतज्ज्ञ नाही. सोलापुरात वाढले, बँकेत नोकरी केली आणि बदल्यांच्या निमित्तानं वडोदरा, इंदूर, भुवनेश्वर असं फिरत फिरत शेवटी हैदराबादला स्थायिक झाले. तुमच्यापैकी जे महाराष्ट्राबाहेर राहतात त्यांना हे चक्र माहीत आहे. बदली झाली की दुधवाला बदलतो, भाजीची नावं बदलतात, मुलांच्या शाळेतली भाषा बदलते. पण सकाळी खिडकी उघडली की साळुंकी तीच असते. गुजरातीत तिला काबर म्हणतात, हिंदीत मैना, तेलुगूत गोरुवंका. भांडण्याची तऱ्हा मात्र सगळीकडे एकच. परक्या गावात पहिली ओळख पटायची ती तिच्याशी.

हा छंद मला २३ वर्षांपूर्वी वडोद्यात लागला. आज मी तुम्हाला दुर्मीळ पक्ष्यांची यादी सांगायला आलेले नाही. या छंदानं मला थांबायला शिकवलं, आणि ते थांबणं पुढे घरात, एका अवघड प्रसंगात उपयोगी पडलं. त्याबद्दल बोलायचं आहे.

बँकेत काम केलेल्या माणसाला रांग माहीत असते. रांगेतला माणूस अर्ध्या मिनिटाला एकदा घड्याळ बघतो आणि काउंटरवरचा माणूस रांगेची लांबी बघतो. दोघंही थांबलेले असतात, पण त्याला धीर म्हणत नाहीत. तो नुसता वैताग असतो, शिस्तीत उभा केलेला. मला वाटायचं, धीर म्हणजे हा वैताग चेहऱ्यावर न दाखवणं. पक्ष्यांनी वेगळा अर्थ दाखवला.

वडोद्याजवळ डभोईच्या बाजूला वढवाणा नावाचा तलाव आहे. बडोदे संस्थानानं तो १९१० मध्ये शेतीच्या पाण्यासाठी बांधला. हिवाळ्यात तिथे हजारोंनी बदकं उतरतात. २०२१ मध्ये तो रामसर यादीत गेला, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ठरला. मी पहिल्यांदा गेले तेव्हा हे काही नव्हतं. आमच्या शाखेतले एक ज्येष्ठ गुजराती सहकारी मला घेऊन गेले होते. पाळीवर पोचल्या पोचल्या मी दुर्बीण डोळ्यांना लावायला गेले, तर ते म्हणाले, "बेन, पहिली दहा मिनिटं दुर्बीण गळ्यातच राहू द्या."

कारण साधं होतं. आपण कुठेही जाऊन उभे राहिलो की आजूबाजूचं सगळं गप्प होतं. झुडपातला वटवट्या आत सरकतो, काठावरचा धोबी दोन हात लांब जाऊन बसतो. आपण हललो नाही तर दहा-पंधरा मिनिटांत ते आपल्याला विसरतात आणि त्यांचं काम पुन्हा सुरू होतं. तोवर जे दिसतं ते आपल्या येण्यानं बिघडलेलं चित्र असतं. खरं चित्र त्यानंतर सुरू होतं. आणि ती दहा मिनिटं रिकामी नसतात. वारा कुठून येतोय, ऊन कुठल्या बाजूला आहे, आवाज किती प्रकारचे आहेत, हे सगळं त्या वेळात कळतं.

त्या दिवशी काठाला एक वंचक बसला होता. मातकट रंगाचा, चिखलात चिखल होऊन गेलेला छोटा बगळा. उडाला की अचानक पांढरेशुभ्र पंख दिसतात, म्हणून त्याचं नाव वंचक. आपल्या भाषेनं या बिचाऱ्यांवर अन्याय केला आहे. ढोंगी माणसाला आपण म्हणतो, बकध्यान लावून बसलाय. पण बगळ्याला जरा वेळ पाहा. मान आखडून घेतलेली असते, ताणलेल्या स्प्रिंगसारखी. पाय उचलून पुढे टाकायचा तर तो इतका हळू की पाण्यावर वलय उठत नाही. बाहेरून स्वस्थ आणि आतून पूर्ण तयार. मासा आला की मान सुटते, आणि तो क्षण आपल्याला दिसेपर्यंत संपलेलाही असतो. धीर म्हणजे काय, याची याहून चांगली व्याख्या मला पुस्तकात सापडलेली नाही.

आता माणसाचं उदाहरण सांगते. सालिम अली हे नाव आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स' हे त्यांचं पुस्तक १९४१ मध्ये आलं आणि त्यानं भारतातल्या कित्येक पिढ्यांना पक्षी ओळखायला शिकवलं. पण त्याआधीची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात ते गाइड लेक्चरर होते. तिथून रजा घेऊन जर्मनीत पक्षिशास्त्र शिकायला गेले. परत आले तर पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली. नोकरी नाही. मग ते पत्नी तेहमिनांबरोबर अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. घराजवळच्या झाडांवर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. ते तिच्यासमोर दिवसेंदिवस बसून राहिले.

आपल्याला लहानपणापासून वाटतं की सुगरण म्हणजे हुशार गृहिणी, ती घरटं विणते. नावच तसं आहे. सालिम अलींनी नोंदवलं ते वेगळंच होतं. घरटं नर विणतो. अर्धं विणून झालं, टोपीच्या आकाराचं झालं की माद्या बघायला येतात. आत शिरतात, तपासतात, नापसंत असेल तर निघून जातात. मादीनं पसंत केलं तरच नर ते पुरं करतो, खाली लांब बोगदा विणतो. आणि मादी अंड्यांवर बसली की साहेब दुसरं घरटं विणायला घेतात, दुसऱ्या मादीसाठी! ही झाडं शेकडो वर्षं लोकांच्या नजरेसमोर होती. घरटी सगळ्यांनी पाहिली होती. पण एका जागी बसून, एकाच घरट्याचं काय होतं हे पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहणारे कितीजण होते? नोकरी गेलेल्या माणसानं तो वेळ असा वापरला.

मंडळी, या छंदाची दुसरी गंमत म्हणजे इथे 'न दिसणं' हीसुद्धा नोंद असते. आज हजारो लोक आपल्या नोंदी ई-बर्डवर टाकतात. तिथे यादी भरताना एक प्रश्न विचारतात: तुम्ही ओळखू शकलात ते सगळे पक्षी यात लिहिलेत का? 'हो' म्हटलं की ती यादी पूर्ण धरली जाते. अशा यादीत जो पक्षी नाही, त्याचं नसणंही अभ्यासकाला उपयोगी पडतं. म्हणजे तुम्ही अर्धा तास बसलात, चार कावळे आणि दोन साळुंक्या दिसल्या आणि तुम्ही तेवढंच लिहिलंत, तरी तुमची सकाळ फुकट गेली नाही.

'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स' हा अहवाल २०२३ मध्ये आला. त्यात ९४२ प्रजातींचा आढावा आहे, आणि तो तयार झाला ३०,००० हून जास्त पक्षीनिरीक्षकांनी केलेल्या सुमारे ३ कोटी नोंदींवरून. त्यातले बहुतेक लोक तुमच्या-माझ्यासारखे. नोकरी करणारे, शिकणारे, निवृत्त. कोणी मोठा शोध लावला नाही. सगळ्यांनी मिळून साध्या दिवसांची नोंद ठेवली.

या नोंदींमुळे मला एक सवय लागली, निष्कर्ष काढायची घाई न करण्याची. चिमणीचंच बघा. 'चिमण्या नाहीशा झाल्या' हे वाक्य आपण किती सहज म्हणतो. २०२० च्या अहवालात संपूर्ण देशाचा विचार करता चिमण्यांची संख्या साधारण स्थिर असल्याचं दिसलं. मुंबई, दिल्ली, बेंगळुरू, हैदराबाद, चेन्नई, कोलकाता या मोठ्या शहरांत मात्र ती हळूहळू घटल्याचं दिसलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आपल्या खिडकीतून दिसतं ते खरंच असतं, पण सगळा देश आपल्या खिडकीत मावत नाही.

हीच गोष्ट एकेका पक्ष्याच्या ओळखीची. हिवाळ्यात आपल्याकडे जे वटवटे येतात, त्यांच्यातला फरक सांगणं म्हणजे डोकेदुखी असते. सगळे लहान, सगळे मातकट किंवा हिरवट, आणि एक क्षण स्वस्थ न बसणारे. अशा वेळी नाव आधी ठरवलं की डोळे त्या नावाला जुळणारंच बघायला लागतात. भुवई पिवळसर हवी असेल तर ती पिवळसर दिसते! म्हणून जुने लोक सांगतात, आधी जे दिसलं ते लिही. चोच, भुवई, पंखावरची पट्टी, पायांचा रंग, आवाज. नाव सगळ्यात शेवटी. आणि एकाच खुणेवर नाव ठरवू नको, किमान दोन खुणा जुळू देत. नाही जुळल्या तर 'वटवट्या, नक्की कोणता ते कळलं नाही' असं लिहून पुढे जा. माझ्या वहीत अशा नोंदी भरपूर आहेत. त्यांची लाज वाटत नाही. उलट त्यांच्यामुळे बाकीच्या नोंदींवर विश्वास ठेवता येतो.

'दोन खुणा जुळू देत' हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता वाट पाहण्याच्या दोन मोठ्या गोष्टी सांगते. पहिली आपल्या खानदेशातली. रान पिंगळा नावाचं छोटं घुबड आहे. १८७३ मध्ये ह्यूम यांनी शास्त्रीय जगाला त्याची ओळख करून दिली. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना मिळाला नाही. कर्नल माइनर्ट्‌झहागन नावाच्या नामांकित इंग्रज संग्राहकानं आपण १९१४ मध्ये गुजरातेत हा पक्षी मिळवल्याचा दावा केला होता. त्यामुळे पुढे लोक त्याला तिथेही शोधत राहिले. मिळाला नाही. मग पामेला रासमुसेन या अमेरिकन अभ्यासिकेनं संग्रहालयांतले नमुने बारकाईनं तपासले आणि कळलं, की १९१४ चा नमुना हा जुनाच, संग्रहालयातून चोरून नवी चिठ्ठी लावलेला! ती जागा यादीतून गेली. मग रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे तिघं जुन्या खऱ्या नमुन्यांच्या जागांवर गेले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला, दिवसाउजेडी एका निष्पर्ण झाडावर रान पिंगळा बसलेला सापडला. ११३ वर्षांनी. पुढे तो मेळघाटात, तानसात, मध्य प्रदेशातही आढळला.

या गोष्टीतून मी जे घेतलं ते असं: चुकीच्या जागी शंभर वर्षं थांबून उपयोग नाही. बसण्याआधी आपण कुणाच्या सांगण्यावरून इथे बसलोय, ते एकदा तपासावं.

दुसरी गोष्ट आंध्रातली. जेर्डनचा धाविक हा निशाचर पक्षी. जेर्डन यांनी तो १८४८ च्या सुमारास नोंदवला. १९०० नंतर दिसेना, म्हणून तो संपला असंच धरलं गेलं. १९८५-८६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे भारत भूषण त्याच्या शोधात कडप्याच्या बाजूला गेले. त्यांनी तिथल्या लोकांना विचारायला सुरुवात केली. लोकांकडे त्याला नाव होतं, तेलुगूत, कलिवि कोडी. म्हणजे काटेरी कलिवीच्या झुडपांतली कोंबडी. जानेवारी १९८६ मध्ये पक्षी पकडण्यात तरबेज असलेल्या एका गावकऱ्यानं रात्री टॉर्चच्या उजेडात तो पकडून आणला. शास्त्रासाठी हरवलेला पक्षी गावासाठी हरवलेला नव्हता. हैदराबादला आल्यावर मी तेलुगू शिकायला घेतली, त्यामागे भाजीवालीइतकंच या नावाचंही कारण आहे. तामिळनाडूत नवरंगाला 'सहा वाजताचा पक्षी' या अर्थाचं नाव आहे, कारण तो पहाटे आणि सांजेला त्या सुमाराला ओरडतो. एका नावात केवढं निरीक्षण साठवलेलं असतं. आपले मारुती चितमपल्ली याच वाटेनं गेले. नोकरी वनखात्यात आणि कान आदिवासींच्या बोलण्याकडे. त्यांचा पक्षिकोश चाळला की हे कळतं.

आता घरातली गोष्ट.

माझे वडील सोलापुरात शिक्षक होते. आई गेल्यानंतर ते हैदराबादला आमच्याकडे आले. सहा वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. वाचा गेली म्हणजे आवाज गेला नव्हता. शब्द गेले होते. समोर पाण्याचा तांब्या असायचा, त्यांना तो हवा असायचा, आणि 'तांब्या' हा शब्द सापडायचा नाही. कधी भलताच शब्द यायचा. ते स्वतःच तो ऐकायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. आयुष्यभर मराठी शिकवलेला माणूस.

वाचा उपचार करणाऱ्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात घरातल्या सगळ्यांना बसवून सांगितलं. यांना कळतं जवळजवळ सगळं. तुम्ही शब्द पुरवू नका. प्रश्न एका वेळी एकच विचारा आणि मग थांबा. तुम्हाला वाटेल त्याहून जास्त थांबा. आणि हो-नाही या उत्तरावर लगेच जाऊ नका, कारण या आजारात 'हो' म्हणायचं असताना तोंडून 'नाही' निघू शकतं. तोच प्रश्न उलटा करून विचारा, चित्र दाखवा, लिहून दाखवा. दोन्हीकडून एकच उत्तर आलं तर धरा.

ऐकताना मला वाटलं, हे मी कुठेतरी शिकले आहे. पहिली दहा मिनिटं दुर्बीण गळ्यात. आणि दोन खुणा जुळू देत.

संध्याकाळी आम्ही दोघं गॅलरीत बसायला लागलो. मी वही घेऊन बसायचे. त्यांच्या तोंडाकडे बघायचं नाही, हे मी ठरवलं होतं. शब्दाची वाट बघत कुणी आपल्या तोंडाकडे टक लावली की जिभेवर आलेला शब्दही परत जातो. मी ते बघतील तिकडे बघायचे. समोर नारळाच्या झाडांवर घारी यायच्या, विजेच्या तारेवर कोतवाल बसायचा. मी नाव सांगायचे नाही. पहिले दीड महिना वहीत सगळं माझ्याच हातचं आहे. मग एका संध्याकाळी त्यांनी डावा हात उचलला आणि म्हणाले, "घार." एवढंच. तीन आठवड्यांनी रात्री गच्चीवरून टिटवी ओरडत गेली आणि आतल्या खोलीतून आवाज आला, "टिटवी." या दोन नोंदी मी तारीख-वेळेसकट लिहून ठेवल्या आहेत.

पण मी हे सांगतेय ते या दोन शब्दांसाठी नाही. खरा प्रसंग पुढे आला. सोलापूरचं घर बंद पडलं होतं. गिऱ्हाईक आलं होतं, भावही बरा होता. आमच्या नात्यातली मंडळी जमली. सगळे प्रेमाचेच. पण बोलणं असं चाललं होतं की दादांना आता काय विचारायचं, त्यांना बोलता येत नाही, सही डाव्या हाताचा अंगठा लावून होईल. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, मी विचारलं त्यांना. विकायचं का म्हटलं, हो म्हणाले."

एक खूण जुळली होती.

मी म्हटलं, मला दोन दिवस द्या. संध्याकाळी गॅलरीत मी घराचा एक फोटो आणला आणि तीन चिठ्ठ्या. एकीवर 'विकायचं', दुसरीवर 'भाड्यानं द्यायचं', तिसरीवर 'तसंच ठेवायचं'. ते वाचू शकत होते, वेळ लागायचा. मी चिठ्ठ्या ठेवल्या आणि बाहेर बघत बसले. वीस मिनिटं काही झालं नाही. मग त्यांनी पहिली चिठ्ठी उचलून बाजूला टाकली. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्यांचा क्रम बदलून ठेवल्या. त्यांनी पुन्हा 'विकायचं' शोधून बाजूला टाकली आणि मधली चिठ्ठी माझ्याकडे सरकवली. मग सगळा जोर लावून बोलायला लागले. "मु... मुलं... मुलांना." मी थांबले. खाली रस्त्यावर एक मिरवणूक येऊन गेली, तेवढा वेळ. "शाळेची... मुलं."

शाळेजवळचं घर होतं ते. गावाकडून शिकायला येणाऱ्या मुलांना भाड्यानं खोल्या द्याव्यात, असं त्यांच्या मनात होतं. आज तिथे चार मुलं राहतात. भाडं माफक आहे. घर विकलं असतं तर पैसे जास्त आले असते, हेही खरं. पण घर त्यांचं होतं आणि त्याबद्दलचं मत त्यांच्याकडे तयार होतं. फक्त ते बाहेर यायला दोन संध्याकाळी लागणार होत्या.

दादा आता छोटी वाक्यं बोलतात. पूर्वीसारखं बोलणं आलेलं नाही, कदाचित येणारही नाही. पण सहाव्या वर्षीही नवा शब्द येतो. उपचार करणाऱ्या बाई म्हणतात, सुधारणा वेगानं होते ती सुरुवातीच्या महिन्यांत, पण दार पुढेही बंद होत नाही.

आता एक इशारा द्यायला हवा, नाहीतर माझं बोलणं अर्धवट राहील. धीर आणि ढिलाई यांत फरक आहे. ज्या दिवशी दादांचं तोंड वाकडं झालं त्या दिवशी आम्ही थांबलो नाही. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतंय, यातलं एक जरी दिसलं तरी थांबून बघू असं म्हणायचं नाही. थेट मोठ्या रुग्णालयात जायचं.

पक्ष्यांच्या बाबतीतही तेच. लहानपणी दादा आम्हाला सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर घेऊन जायचे. तिथे मी माळढोक पाहिला आहे. उंच, भारदस्त, गवतातून संथ चालणारा. आज तिथे माळढोक दिसला तर बातमी होते. देशात मिळून दीडशेच्या आतच उरलेत, बहुतेक राजस्थानात. मादी सहसा एकच अंडं घालते. शरीर जड, समोरचं नीट दिसत नाही, त्यामुळे विजेच्या तारांना धडकून मरतात. तारा जमिनीखालून न्याव्यात म्हणून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला, २०२४ मध्ये त्यात बदल करून तज्ज्ञांची समिती नेमली. वर्षाला एक अंडं घालणाऱ्या पक्ष्याला आपण 'जरा थांब' म्हणू शकत नाही.

आणि जिथे माणसं लगेच हलली तिथे काय झालं, तेही बघा. अमूर ससाणा हा दीडशे ग्रॅमचा पक्षी. ईशान्य आशियातून निघतो, नागालँडमध्ये विसावतो आणि अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या दक्षिणेपर्यंत जातो. २०१२ मध्ये दोयांग जलाशयापाशी जाळी लावून हे पक्षी प्रचंड संख्येनं मारले गेले. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, पांगती आणि आसपासच्या गावांनी शिकार थांबवली. त्या वर्षी तीन ससाण्यांवर उपग्रह यंत्रं बसवली, त्यांची नावं ठेवली नागा, पांगती आणि वोखा. ओडिशात चिलिकाच्या काठी मंगळाजोडी गावात तर पूर्वी पक्षी मारणारेच आज रक्षक आणि वाटाडे झालेत. भुवनेश्वरला असताना मी त्यांच्या नावेतून फिरले आहे. लांब बांबू टेकत नाव इतकी हळू नेतात की गॉडविटांचा थवा मान वर करत नाही. शिकारीसाठी शिकलेलं ते थांबणं आता राखण्यासाठी वापरतात.

हल्ली एक नवी घाई आली आहे. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावायचा, तो आपल्या हद्दीत कोणी घुसलंय असं समजून बाहेर येतो, आणि फोटो काढायचा. विणीच्या दिवसांत त्या पक्ष्याची शक्ती खोट्या शत्रूशी भांडण्यात जाते. घरट्याजवळ गर्दी केली तर आई-बाप पिल्लांकडे येत नाहीत. पक्षी त्याच्या वेळेनं बाहेर येतो. आपल्या वेळेनं त्याला बाहेर ओढलं तर आपण पक्षी पाहिला असं मी तरी म्हणत नाही.

शेवटी तुमच्यासाठी एक छोटं काम. त्याला पैसे लागत नाहीत, दुर्बीणही लागत नाही. एक जागा ठरवा. गॅलरी चालेल, गच्ची चालेल, ऑफिसमागचं झाड चालेल. मी हैदराबादमध्ये अमीनपूर तलावावर जाते, पण रोजची माझी जागा गॅलरीच आहे. आठवड्यातून तीनदा, त्याच वेळी, पंधरा मिनिटं बसा. फोन आत ठेवा. वहीत तारीख, वेळ आणि जे दिसलं ते लिहा. नाव माहीत नसेल तर रंग लिहा, आवाज लिहा. काही दिसलं नाही तर तसं लिहा. दर फेब्रुवारीत चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो. त्यातही किमान पंधरा मिनिटांचीच नोंद मागतात. तोपर्यंत तुमची वही तयार असेल. वर्षभरानं चाळून बघा. धोबी कधी आला, पावशा कधी ओरडायला लागला, चातक पावसाच्या किती आधी दिसला, हे तुम्हाला तुमच्या हस्ताक्षरात सापडेल.

आणि घरात कुणी हळू बोलणारं असेल, म्हातारं, आजारी, किंवा नुकतंच बोलायला लागलेलं लहान मूल, तर त्यातली पाच मिनिटं त्यांना द्या. वाक्य त्यांचं त्यांना पुरं करू द्या.

इतका वेळ तुम्ही शांतपणे ऐकलंत, म्हणजे तुम्ही निम्मे पक्षीनिरीक्षक झालाच आहात.